सकाळचे हिसके आणि अपुरी झोप

मेंदूचे विकार असलेल्या मुलांच्या झोपेविषयीचा आपला लेख वाचला. झोपण्यापूर्वी मोबाइल दूर ठेवावा, हा त्यातील सल्ला योग्यच आहे. मात्र अपस्मार (वारंवार झटके येण्याचा मेंदूचा विकार) असलेल्या मुलांच्या बाबतीत झोपेचा प्रश्न केवळ सवयीचा नसतो, हे आवर्जून लिहावेसे वाटते.

माझ्या मुलीला दहावीच्या वर्षी सकाळी उठल्यावर हातांना हिसके बसू लागले. दुधाचा पेला हातातून उडे, वेणी घालताना कंगवा निसटे, आणि आम्ही तिला धांदरट म्हणून रागावत असू. रात्री १ वाजेपर्यंत अभ्यास आणि पहाटे ५ चा गजर, असा तिचा क्रम होता. एका सकाळी मोठा झटका आला, तेव्हा ईईजी या मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीनंतर कळले की ही किशोरवयात सुरू होणारी मायोक्लोनिक एपिलेप्सी, म्हणजे स्नायूंना अचानक हिसके बसणारा अपस्मार, असून अपुऱ्या झोपेने तिचे झटके हमखास बळावतात. त्यातच या वयात मेलाटोनिन हे झोपेची वेळ झाल्याचा संकेत देणारे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप न येणे हा मुलांचा हट्ट नव्हे. आणि अपस्माराच्या काही औषधांनी दिवसा येणारी गुंगी हा आळसही नव्हे, हे शिक्षकांनाही कोणीतरी सांगायला हवे.

सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर परिणाम होणारा विकार) असलेल्या अनेक मुलांना स्नायूंच्या ताठरपणामुळे रात्री स्वतःहून कूसही बदलता येत नाही, याचाही उल्लेख लेखात हवा होता.

सकाळी असे हिसके दिसल्यास पालकांनी त्यांचे मोबाइलवर चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे. आम्ही तसे केले असते, तर तिचे निदान कित्येक महिने आधी झाले असते.