स्वल्पविराम की शेपूट?

‘तुमच्या भाषेला स्वतःची लिपी तरी आहे ना?’ असा प्रश्न मला गेल्या शनिवारी विचारण्यात आला, आणि तो विचारणाऱ्या बाईंचा संगणक मी त्या वेळी फुकटात मार्गी लावत होतो, हे मला अजून पचलेले नाही. बाई माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. रोमानियातील याश या शहरात त्यांनी हयातभर शाळेत रोमानियन भाषा शिकवली, त्यामुळे निवृत्तीनंतरही आमची सगळी इमारत त्यांना ‘द्वाम्ना प्रोफेस्वारा’, म्हणजे ‘शिक्षिकाबाई’ असेच म्हणते. त्यांच्या जुन्या यंत्रावर लिनक्स ही संगणकप्रणाली बसवायची होती. ती बसवून देणाऱ्या प्रोग्रॅमचे, म्हणजे चित्रमय इन्स्टॉलरचे, त्या यंत्राच्या ग्राफिक्स कार्डाशी पटेना, म्हणून मी निव्वळ अक्षरांचा, टेक्स्ट मोडमधला इन्स्टॉलर सुरू केला. भाषा मात्र रोमानियनच असली पाहिजे, एवढी एकच अट बाईंनी घातली होती.

रोमानियन लेखनात लॅटिन अक्षरांना चिन्हे जोडून तयार केलेली पाच अक्षरे आहेत. त्यांपैकी चंद्रकोर डोक्यावर घेणारा ‘ए’ आणि टोपी घालणारे ‘ए’ व ‘आय’ पडद्यावर व्यवस्थित दिसत होते. उरलेली दोन अक्षरे म्हणजे खाली स्वल्पविराम असलेले ‘एस’ आणि ‘टी’, ज्यांचा उच्चार अनुक्रमे ‘श’ आणि ‘त्स’ होतो. ही दोन जिथे जिथे यायला हवीत, तिथे तिथे एक पांढरा चौकोन बसलेला होता. राजधानीचे नाव बुकुरे-चौकोन-ति असे झाले होते, तेवढ्यावर निभावले असते. परंतु डिस्क पुसण्याच्या पायरीवर जो शब्द येतो, ‘पुसा’ या अर्थाचा ‘श्तेर्जेत्स’, त्यात ही दोन्ही अक्षरे आहेत. ज्या एका शब्दावर एंटर दाबण्यापूर्वी माणसाने तो नीट वाचावा, नेमका तोच शब्द दोन्ही बाजूंनी कुरतडलेला होता.

बाई शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातात लाल बॉलपेन होते आणि मांडीवर चौकटीची वही. प्रत्येक चौकोनासाठी वहीत एक लाल रेघ पडत होती, आणि समास भरत आला तेव्हा त्यांनी पेनाचे टोपण पडद्यावर टेकवले.

‘दोम्नुले इंजिनेर, हे काय आहे?’

‘ते अक्षरच आहे, बाई. फॉन्टमध्ये नाही, म्हणून चौकोन दिसतो.’

‘म्हणजे अक्षर नाही.’

‘आहे. आत आहे. फक्त पडद्यावर उमटत नाही.’

‘मुलेही मला हेच सांगत असत. उत्तर आत आहे, फक्त कागदावर उमटत नाही.’ एवढे बोलून त्यांनी वहीच्या कोपऱ्यात चार हा आकडा काढला आणि त्याभोवती गोल केला. इथल्या शाळांत दहापैकी गुण देतात आणि सुटायला पाच लागतात. मी विचारले, हा गुण प्रोग्रॅमला की मला? बाई म्हणाल्या, ‘प्रोग्रॅम कुठे समोर बसला आहे?’

माझी खरी चिडचिड अशी की या प्रकरणात भाषांतरकारांनी कुठेही कुचराई केलेली नव्हती. संगणकासाठी १९८७ साली आयएसओ ८८५९-२ ही अक्षरांना क्रमांक देणारी वर्णसंहिता ठरली, तेव्हा रोमानियन स्वल्पविराम आणि सेडिला, म्हणजे अक्षराला खालून चिकटलेली शेपूट, यांत भेद करण्यात आला नाही आणि रोमानियनच्या पदरी शेपूट पडली. पुढे १९९९ साली यूनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या समाईक वर्णसंहितेच्या ३.० या आवृत्तीत स्वल्पविरामाच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. या इन्स्टॉलरच्या भाषांतरकारांनी निगुतीने तेच नवे, शुद्ध क्रमांक वापरले होते. कन्सोलच्या, म्हणजे निव्वळ अक्षरे दाखवणाऱ्या त्या पडद्याच्या, फॉन्टला मात्र जुनेच क्रमांक ठाऊक होते. याचा अर्थ असा की त्यांनी चुकीचे लिहिले असते तर ते जवळजवळ बरोबर दिसले असते, आणि बरोबर लिहिले म्हणून चौकोन आले. हा न्याय मी सरकारी कचेऱ्यांत पाहिला होता. संगणकाकडून मला त्याची अपेक्षा नव्हती. बरे, जागा नाही असे म्हणावे, तर कन्सोलच्या फॉन्टमध्ये २५६ आकृत्या सहज मावतात आणि ताणले तर ५१२, फक्त पडद्यावर चित्र उमटवण्याच्या जुन्या व्हीजीए पद्धतीत मग ठळक रंगांवर पाणी सोडावे लागते, कारण रंगाचा एक बिट आकृती निवडण्यात खर्च होतो. दोन अक्षरांची लहानमोठी रूपे धरून चार आकृत्यांसाठी कोणालाही काही सोडावे लागले नसते.

फॉन्टच्या फाइलीत आकृत्यांच्या मागे एक तक्ता असतो, ज्यात कोणत्या यूनिकोड क्रमांकाला कोणती आकृती दाखवायची ते लिहिलेले असते. मी माझ्या लॅपटॉपवर तो तक्ता उघडला, नव्या क्रमांकांना जुन्या शेपटीवाल्या आकृत्या जोडून दिल्या आणि इन्स्टॉलर पुन्हा बांधून पेन ड्राइव्हवर घातला. चौकोन नाहीसे झाले. मी विजयी मुद्रेने बाईंकडे पाहिले. बाईंनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, ‘हे तुर्की आहे.’

शेपटीचा ‘एस’ तुर्कीत चालतो, हे खरे आहे. त्यानंतर रोमानियाने १८७७ साली तुर्कांपासून स्वातंत्र्य जाहीर केले, तो सगळा भाग मला उभ्याने ऐकावा लागला, कारण माझ्या खुर्चीवर आता बाई बसल्या होत्या. खुद्द तुर्कांनी लॅटिन लिपी १९२८ साली स्वीकारली, तेव्हा १८७७ च्या तुर्कांना या अक्षराचा पत्ताही नसावा, हे मला ठाऊक होते. मी ते बोललो नाही. पुराव्यादाखल बाईंनी स्वयंपाकघरातून आंबट चेरीच्या मुरांब्याची बरणी आणली. तिच्यावरच्या चिठ्ठीत त्यांनी स्वतःच्या हाताने ‘दुल्चात्सा दे विशिने’ असे लिहिले होते. त्यात दोन्ही अक्षरे होती आणि दोन्हींच्या खाली अक्षरापासून अंग राखून असलेला ठसठशीत स्वल्पविराम होता. ‘असा काढा,’ त्या म्हणाल्या. मुरांबा मला मिळाला नाही. बरणी नमुना म्हणून टेबलावर राहिली.

आता कन्सोलचे अक्षर ते केवढे? आठ ठिपके रुंद आणि सोळा ठिपके उंच. त्यात अक्षराच्या पायाखाली चारच ओळी उरतात. पहिली ओळ मोकळी सोडली नाही तर स्वल्पविराम अक्षराला चिकटतो आणि पुन्हा तुर्की होतो. राहिलेल्या जागेत मी वर दोन ठिपके आणि खाली, किंचित डावीकडे, एक ठिपका असा स्वल्पविराम बसवला. एका भाषेचा स्वाभिमान तीन ठिपक्यांत मावतो, हे मला माहीत नव्हते.

हे काम चालू असताना, केवळ शांतता असह्य होते म्हणून, बाईंनी विचारले की तुमच्या भाषेत हा पडदा कसा दिसतो? मी खरे ते सांगितले. दिसतच नाही. मराठी निवडायची तर चित्रमय इन्स्टॉलरच लागतो, कारण लिनक्सचा कन्सोल एका घरात एक आकृती ठेवून पुढे सरकतो. जोडाक्षर घडवणे, पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणे, हे त्याच्या कुवतीबाहेरचे आहे. त्यावर तो लिपीचा प्रश्न आला. रोमानियनमधील सर्वांत जुना तारीख ठरलेला लेख १५२१ सालचा आहे. न्याक्शू नावाच्या व्यापाऱ्याने ब्राशोव शहराच्या नगरप्रमुखाला तुर्कांच्या हालचालींबद्दल धाडलेले पत्र आहे ते, आणि तेही आजच्या लॅटिन नव्हे, सिरिलिक लिपीत. ज्ञानेश्वरी त्याहून दोनशेहून अधिक वर्षांनी जुनी आहे, हे सांगायला मी तोंड उघडले होते. परंतु ज्ञानेश्वरीतली एक ओवीही त्या निळ्या पडद्यावर उमटवून दाखवता येणार नव्हती, आणि बाई पुरावा मागितल्याशिवाय गुण देत नाहीत.

वास्तविक आमचे दुखणे त्यांच्या दुखण्याचे सख्खे भावंड आहे. मराठी ‘श’ आणि ‘ल’ यांची वळणे हिंदी वळणांहून वेगळी आहेत, पण यूनिकोडमध्ये दोघांचा क्रमांक एकच, त्यामुळे फॉन्टने भाषा पाहून वळण बदलण्याची सोय केली नसेल तर मराठी मजकूर हिंदी वळणात छापला जातो. आपण तो मुकाट्याने वाचतो, लग्नपत्रिकेवर छापतो, दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतो. लाल पेन घेऊन खुर्ची अडवून बसणारी एकही बाई मला आजवर आपल्याकडे भेटलेली नाही, आणि याचे मला वाईट वाटते, हे त्या बाईंपुढे मी मरेन पण कबूल करणार नाही.

शेवटी नवा फॉन्ट चढला. बाईंनी भिंग आणले. ‘हा स्वल्पविराम आहे की माशी बसून गेली?’ असे विचारून झाल्यावर त्यांनी बोटाने पडदा पुसून पाहिला. ठिपके हलले नाहीत, तेव्हा त्या ‘बिने’ म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. मी एंटरकडे हात नेला, तोच पेनाचे टोपण पुन्हा पडद्यावर आले. ‘आहेत’ या अर्थाचा शब्द तिथे ‘सुंत’ असा लिहिलेला होता. रोमानियन अकादमीने १९९३ साली तसा नियम केला आहे. त्याआधी तो ‘स्न्त’ असा, टोपीवाला ‘आय’ घालून लिहीत, आणि नोकरी होती तोवर नाइलाजाने नवे रूप शिकवलेल्या बाई घरात मात्र जुनेच चालवतात. हा दोष फॉन्टचा नाही, भाषांतरकारांचा नाही, माझा तर मुळीच नाही, अकादमीचा आहे, असे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगितले. ‘मग अकादमीला बोलवा लिनक्स बसवायला,’ बाई म्हणाल्या. इथे सरासरी साडेचार भरली की ती पाच धरतात आणि मूल वर जाते. बाईंनी चाराचा आकडा खोडला आणि त्याच्या जागी, दशांशचिन्ह नीट स्वल्पविरामासारखे काढून, ४,४९ असे लिहिले.