गंजकी द्या, गिफ्ट कार्ड घ्या

बोहारीण आठवते का? दुपारची जेवणं आटोपली की डोक्यावर पाटी घेऊन दारात हजर. आईची विरलेली साडी, बाबांच्या दोन पँटी, त्यावर तासभर घासाघीस, आणि शेवटी पदरात पडायचं एक पातेलं, तेही कडेला चेमटलेलं. बाई कॉलर उलटी करून बघायची, पँटची शिवण उजेडात धरायची. तिच्या गळ्यात फाटका माल मारणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

अमेरिकेतल्या पोलिसांना हे कसब कोणी शिकवलेलं नाही. तिथे शहरोशहरी अधूनमधून ‘गन बायबॅक’ भरतो: बंदूक आणून द्या, मोबदला घेऊन जा. एखाद्या चर्चचं पार्किंग, दोन तंबू, घडीची टेबलं. बऱ्याच ठिकाणी गाडीतून उतरायचीही तसदी नाही. बंदूक रिकामी करून डिकीत ठेवायची, पोलीस येऊन डिकी उघडतो, माल उचलतो आणि खिडकीतून गिफ्ट कार्ड हातात ठेवतो. नाव नाही, गाव नाही. ‘नो क्वेश्चन्स आस्क्ड’ हे जाहिरातीतच छापलेलं असतं. असं गिऱ्हाईक आपल्या रद्दीवाल्याला स्वप्नातही भेटलं नसेल. तेव्हा संधी सोडू नका.

सुरुवातीलाच सांगतो, चांगली बंदूक चुकूनही नेऊ नका. 2022 मध्ये ह्यूस्टनचा भाव होता बिघडलेल्या बंदुकीला 50 डॉलर, रायफल किंवा शॉटगनला 100, पिस्तुलाला 150. दुकानात पाचसहाशेला मिळणारं पिस्तूल दीडशेला द्यायला तुम्हाला काय कुत्रं चावलंय? ज्याला आज रात्री पिस्तुलाचं काम आहे, तो शनिवारी सकाळी चर्चच्या दारात उभा राहत नाही, तोही तुमच्याइतकाच व्यवहारी. रांगेत भेटतात त्या आजीबाई, ज्यांचे यजमान गेले आणि कपाटात रिव्हॉल्व्हर राहिलं. ते घरात नको म्हणून त्या खरोखरच जीव मुठीत धरून आलेल्या असतात. त्यांना पुढे जाऊ द्या. तुमच्या डिकीत बराच माल आहे, वेळ लागेल.

गुरू करायचाच तर इलिनॉयच्या ‘गन्स सेव्ह लाइफ’ या संघटनेला करा. मंडळी पक्की बंदूकवाली. 2012 मध्ये त्यांनी गंजक्या-मोडक्या साठेक बंदुका गोळा केल्या, शिकागो पोलिसांच्या बायबॅकला नेल्या आणि 6,240 डॉलरची कार्डं घेऊन आले. ते पैसे मुलांच्या नेमबाजी शिबिराला गेले, रायफली आणि काडतुसं घ्यायला. शिकागोच्या रस्त्यावरून बंदुका कमी करण्यासाठी काढलेला पैसा! आमच्याकडे याला सोसायटीचा दुरुस्ती निधी म्हणतात.

गंज मिळत नसेल तर प्लास्टिक चालेल. ऑगस्ट 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने बायबॅक भरवला. एक गृहस्थ सहा तास गाडी हाकत आला. घरच्या थ्री-डी प्रिंटरवर छापलेले बंदुकीचे भाग पेटी भरून आणले होते. म्हणजे आपल्या गावठी कट्ट्याचा प्लास्टिकचा चुलतभाऊ. टेबलावर भाव करत करत त्याने 21,000 डॉलर पदरात पाडले, पाचपाचशेची 42 कार्डं. मोजून देणाऱ्याचे हात दुखले असतील. पण त्याने एक घोडचूक केली: बातमीदारांना सांगितलं. झालं, कार्यालयाने नियम बदलला, आता छापील मालाला तो भाव नाही. त्याच उन्हाळ्यात ह्यूस्टनलाही एकाने घरी छापलेल्या साठेक बंदुका प्रत्येकी 50 ला खपवल्या होत्या. पुढच्या खेपेला तिथेही छापील माल बंद. धंद्यात तोंड बंद ठेवता आलं पाहिजे, हे आपल्याकडे गाडीवर वडे तळणाऱ्यालाही कळतं.

भांडवल असेल तर घाऊक उतरा. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला 2008 मध्ये बंदुकीमागे सरसकट 250 डॉलर जाहीर झाले, आणि रांगेत सगळ्यात पुढे कोण? शेजारच्या नेवाडा राज्यातून आलेले बंदूक विक्रेते, गाडीत साठ स्वस्तातली पिस्तुलं. पोलिसांकडचे पैसे संपले, मग नंतर देऊ म्हणून चिठ्ठ्या लिहून दिल्या. उधारी! पोलिसांच्या खात्यावर उधारी चढवण्याचं सुख आपल्याला कोणत्या जन्मी मिळणार?

आणि विकायला काही नसेल तर घ्यायला उभे राहा. जानेवारी 2013 मध्ये सिएटलला हायवेच्या पुलाखाली बायबॅकची रांग लागली, तेव्हा खाजगी गिऱ्हाइकं रोख नोटा घेऊन त्या रांगेलाच फिरत होती. पोलीस देणार शंभराचं कार्ड, आम्ही देतो जास्त. हार्टफर्डच्या बाईंसारखं कोणी भेटलं तर नशीबच उघडलं. डिसेंबर 2012 मध्ये त्या आपल्या वडिलांनी महायुद्धातून आणलेली जुनी जर्मन रायफल द्यायला आल्या. ती निघाली श्टुर्मगेवेअर 44, किंमत हजारो डॉलरच्या घरात. पोलिसांनीच सांगितलं, बाई, ही वितळवायला देऊ नका. असे सज्जन पोलीस वाढले तर व्यापार कसा व्हायचा?

मध्येच कोणी शहाणा आकडे घेऊन अंगावर येईल. 1974 मध्ये बाल्टिमोरने 50 डॉलरला एक अशा साडेतेरा हजारांच्या आसपास बंदुका घेतल्या आणि त्याच काळात बंदुकीने होणारे खून वाढले, वगैरे. वाद घालू नका. पुढाऱ्याला टेबलभर बंदुकांमागे उभं राहून फोटो हवा असतो आणि टेबल भरायला माल लागतो. फोटोत गंज दिसत नाही.

ऑस्ट्रेलियाचं नाव मात्र कोणाला काढू देऊ नका. 1996 मध्ये पोर्ट आर्थरला एका माणसाने 35 जण मारले. त्यानंतर तिथल्या सरकारने काही जातींच्या बंदुकांवर थेट बंदी घातली, यादी करून बाजारभाव दिला आणि साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका गोळा केल्या. द्यायची सक्ती, आणि दिल्यावर तीच पुन्हा विकत घ्यायची सोय नाही. असल्या वातावरणात होतकरू माणसाने करायचं काय?

हा धंदा इकडे आणायचं डोक्यात असेल तर काढून टाका. आपल्याकडे निवडणूक लागली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा, निकालानंतर परत. 2019 च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच ठेवल्या. तिसरी वर्षभरात पोलिसात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे द्या म्हणाले. गिफ्ट कार्डाचा विचारही कोणाच्या मनाला शिवला नाही.

राहिला प्रश्न कच्च्या मालाचा. घाबरू नका, तो बायबॅकमधूनच येतो. अमेरिकी कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे तिचा एकच तुकडा, नंबर कोरलेला सांगाडा. बरीच पोलीस खाती गोळा झालेल्या बंदुका नष्ट करायला खाजगी कंपनीकडे देतात आणि कंपनी ते फुकटात करते. फुकट कसं परवडतं? सांगाडा चिरडला की कागदोपत्री बंदूक मेली. नळी, चाप, दस्ता, स्प्रिंगा हे सगळं खोक्यात भरून इंटरनेटवर विक्रीला. 2023 च्या डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने हे छापलं तेव्हा, आपण दिलेल्या बंदुका वितळल्या असं समजून बसलेली शहरं चपापली. आजीबाईंच्या यजमानांचं रिव्हॉल्व्हर असंच कुठल्यातरी खोक्यात असेल, फक्त एक तुकडा कमी.

आणि प्रिंटर तर तुमच्या घरी आहेच. पुढच्या बायबॅकची तारीख बघून ठेवा. सकाळी लवकर निघा, थर्मासमध्ये चहा घ्या. सिएटलला कार्डं फार लवकर संपली होती.