खोडरबराचे पाचशे

परवा एक मुलगा आमच्या घरी आला, आमच्याच खोडरबराने आमचीच रॅम घासली आणि पाचशे रुपये घेऊन गेला. जाताना खोडरबरही घेऊन गेला. पाचशे रुपयांबद्दल मी मनाची समजूत घालतोय, खोडरबराबद्दल जमत नाहीये. ते मुलीचं होतं. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं, मैत्रिणीने वाढदिवसाला दिलेलं. घरात त्याची चौकशी अजून चालू आहे आणि मुख्य संशयित मी आहे.

झालं एवढंच, की घरचा कॉम्प्युटर सुरू होईना. बटण दाबलं की पंखा फिरे, दिवा लागे, पडदा मात्र काळाठिक्कर, आणि आतून थांबून थांबून एक लांब शिट्टी. ऑगस्टमधलं पुणं. टॉवेल वाळत नव्हते, पापड सादळले होते, तिथे बिचारी रॅम, म्हणजे आतली मेमरीची पट्टी, काय कोरडी राहणार!

रॅमच, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं, आणि माझं दुखणं खरं तिथे आहे. या शिट्ट्यांचं एक शास्त्र असतं. बटण दाबलं की यंत्र आधी स्वतःची तपासणी करतं. पडद्यावर लिहून सांगण्याइतकीही ताकद नसली, तर शिट्टी मारून सांगतं. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्यात एक छोटी शिट्टी म्हणजे सगळं क्षेम. पुढे बायोस, म्हणजे यंत्राला जागं करणारा आतला प्रोग्राम, बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपली वेगळी बोली काढली. ॲवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड म्हणजे ग्राफिक्सची तक्रार. नुसतीच लांब शिट्टी पुन्हा पुन्हा आली तर रॅमची. एएमआयवाल्यांच्या आखूड शिट्ट्या बोटांवर मोजायच्या. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांबरोबर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीबरोबर, स्पीकरच देत नाहीत, त्यामुळे ते निमूट मरतात. आमचा जुना असल्यामुळे निदान बोंब मारतो.

तर मी म्हटलं, रॅम काढून पुन्हा घट्ट बसवतो, दोन मिनिटांचं काम. बायको म्हणाली, "हात लावू नकोस. माझी ऑफिसची फाइल आहे त्यात. माणूस बोलाव." माणूस म्हणजे मी सोडून कोणीही.

दुकानात फोन केला. "बंद-चालू करून बघितलं का सर?" बघितलं. "मग मदरबोर्ड गेला असेल." अहो, न बघता? "पावसाळ्यात जातातच सर." पूर्वी पोरगं किरकिरलं की दृष्ट लागलेली असायची, आता काहीही झालं तरी मदरबोर्ड गेलेला असतो. मी शिट्टीबद्दल सांगायला लागलो तर पलीकडून, "माणूस पाठवतो, व्हिजिट चार्ज वेगळा."

माणूस आला. तेवीस-चोवीसचा असेल. पाठीवरच्या भल्यामोठ्या सॅकमधून त्याने एक स्क्रू ड्रायव्हर काढला. बस्स. बाकी सॅकमध्ये डबा आणि रेनकोट. कॅबिनेटचा पत्रा बाजूला केला आणि म्हणाला, "सर, केवढी धूळ ही!" हे त्याने स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची काहीच गरज नव्हती. पंख्याच्या जाळीवर खरंच धुळीची गोधडी बसली होती. मग त्याने मान वर करून विचारलं, "रबर आहे का घरात?"

"कसलं?"

"खोडायचं."

मुलीची कंपासपेटी टेबलावरच होती. पुढचा इतिहास तुम्हाला माहीत आहे.

इतक्यात उघड्या दारातून खजिनदार काका आत आले. आमच्या सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्सचं पावतीपुस्तक बगलेत, शर्टाच्या खिशात पेन, पेनाशेजारी टेस्टर. नोकरीभर विद्युत विभागात होते, निवृत्त झाल्यावरही टेस्टर खिशातून उतरलेला नाही. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा मी तो त्यांच्या खिशात पाहिला आहे, सफारीच्या.

"काय उघडलंय?" काका म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची ओढून बसले. मग त्या मुलाकडे वळले.

"गाव कुठलं रे तुझं?"

"बार्शी."

"बार्शीत कुठे?"

"भगवंताच्या देवळाजवळ."

"मग आमच्या साडूंना ओळखत असशील. तहसील कचेरीत होते."

"कधी?"

"ब्याऐंशी साली."

"आजोबा, माझा जन्म दोन हजार दोनचा."

खोलीत शांतता पसरली. मला वाटलं, साडू न ओळखल्याचा राग आला. तसं नव्हतं.

"आजोबा कोणाला म्हणतोस? मी रोज तळजाई चढतो."

"सॉरी काका."

"काका म्हण. तेही हवं तर म्हण." मग माझ्याकडे मोर्चा. "कितीला घेतला होता हा?" मी आकडा सांगितला. "फसवलं तुम्हाला." हे ते नेहमी म्हणतात. आमच्या फ्रिजला म्हणाले आहेत, गादीला म्हणाले आहेत, मुलीच्या शाळेच्या फीलाही म्हणाले आहेत. मी कधीतरी एखादी वस्तू फुकट आणून त्यांना दाखवणार आहे. तरीही म्हणतील.

मुलगा एव्हाना रॅमची पट्टी हातात घेऊन तिच्या कडेवरच्या पिवळ्या पिना घासत होता. घरभर स्ट्रॉबेरीचा वास. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय चाललंय?"

"पिना साफ करतोय काका. कार्बन धरतो."

"कशाच्या आहेत या? सोन्याच्या?"

"सोन्याचं पाणी असतं."

"मग सोनं कधी खराब होतं का रे? माझ्या आईच्या पाटल्या अजून तशाच्या तशा आहेत."

मुलाने घासणं थांबवलं. प्रश्न, सांगायला वाईट वाटतं, पण उत्तम होता. सोनं गंजत नाहीच. पिनांवर बसते ती दमट धूळ आणि बोटांचा तेलकटपणा. आणि बहुतेक वेळा पट्टी काढून परत खाचेत दाबली, की त्या घसटीनेच संपर्क सुधारतो. रबर हे बरंचसं गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असतं. जाणकार तर रबर वापरूच नका म्हणतात. त्याचा भुगा खाचेत पडतो, मुलामा झिजतो. पुसायचंच तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. म्हणजे खरा इलाज काढून घालणे, जे मी सकाळी सुचवलं होतं. पण मी माणूस नव्हतो.

"तुम्ही मध्ये बोलू नका काका, लक्ष जातं," मुलगा म्हणाला.

"मी कुठे बोलतोय? मी विचारतोय."

पट्टी दोन्ही बाजूंनी टक् टक् करून बसली. बटण दाबलं. शिट्टी नाही. पडद्यावर उजेड आला, आणि कोपऱ्यात तारीख आली, १ जानेवारी २०१२.

काका खुर्चीतून उठले. पडद्याजवळ जाऊन त्यांनी तारीख नीट वाचली. "बारा साल? म्हणजे मी अजून नोकरीत आहे की!" आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलेला नाही.

"सेल गेलाय सर," मुलगा मला म्हणाला. "दीडशे."

"दाखव बघू," काका.

मुलाने मदरबोर्डवरची ती गोल चपटी बॅटरी नखाने उचकटून दाखवली. सीआर २०३२, तीन व्होल्ट. कॉम्प्युटर बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं हे तिचं मुख्य काम. ती मेली की घड्याळ मागे जातं, आणि मग बँकेची साइट उघडत नाही, कारण साइटचं प्रमाणपत्र यंत्राच्या हिशेबाने अजून जन्मालाच आलेलं नसतं. लोक बिचारे इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतात.

"हा तर आमच्या वजनकाट्यात आहे," काका म्हणाले. "घड्याळवाला चाळीसला देतो."

"हा कॉम्प्युटरचा आहे काका."

"सेलला कसं कळतं तो कशात बसलाय ते?"

इतक्या वर्षांच्या शेजारात काकांबद्दल मला पहिल्यांदाच भरून आलं. सेल मी घेतला नाही. मुलाने तोंड वाकडं करत जुनाच परत बसवला, तारीख हाताने घातली आणि बजावलं, "प्लग काढलात की परत मागे जाणार, मला फोन करू नका."

माझं हे काकांवरचं प्रेम फार टिकलं नाही. जाता जाता त्यांनी सहज खिशातला टेस्टर काढला आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला टेकवला. टेस्टरच्या पोटात बारीकसा लाल दिवा लागला.

"करंट!" काका ओरडले. स्वयंपाकघरातून बायको धावत आली. मुलगी आली. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनीही आल्या.

"असतो थोडा," मुलगा म्हणाला.

"असतो म्हणजे? उद्या न्हाणीघरात वाघ निघाला तर असतो थोडा म्हणशील?"

मुलाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतली खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला. त्यांतून किंचित वीज झिरपते, ती अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावी अशी योजना असते. तीन पिनांच्या प्लगमधली जाड, लांब पिन त्याच कामाची. तारेला पुढे जमीनच मिळाली नाही, तर पत्रा २३० व्होल्टच्या मध्यावर, एकशे पंधराच्या आत-बाहेर लटकत राहतो. प्रवाह अगदी बारीक, बोटाला मुंग्या येण्याइतका. म्हणजे बिघाड माझ्या कॉम्प्युटरमध्ये नव्हता. भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं. आणि भिंतीतलं अर्थिंग खाली जातं ते इमारतीच्या खड्ड्यात. हे सगळं मी सांगायला तोंड उघडलं.

"तुम्ही थांबा," काका म्हणाले. "हा तुमचा विषय नाही."

अर्थिंग तपासणं हा सोसायटीचा विषय, सोसायटीचे पैसे काकांच्या ताब्यात, आणि करंट माझा!

मुलाने बिल केलं. व्हिजिट तीनशे, 'मदरबोर्ड सर्व्हिसिंग' दोनशे. मदरबोर्डला त्याने हात लावला होता तो फक्त सेल उचकटायला. मी म्हटलं, रॅम पुसली असं लिही ना. तर म्हणाला, "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही सर." खोडरबर त्याच्या स्क्रू ड्रायव्हरबरोबर सॅकमध्ये गेलं ते तेव्हाच गेलं असणार.

पैशांचं दुःख नाही हो. पावसात स्कूटरवर आला, त्याचे तीनशे रास्त आहेत, आणि दुकानदार त्यातले त्याच्या हातात किती ठेवत असेल देव जाणे. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. काय बिघडलं होतं हे कोणी सरळ सांगतच नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी गिऱ्हाईक स्वतः करेल, ही धास्ती. केंद्र सरकारने २०२२च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी, सुट्या भागांचं कळावं, हा हेतू. हेतू सोन्याचा आहे. पण तोवर पुष्कळशा पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डवरच डाख देऊन चिकटवायला लागलेत, तिथे ना काढता येते ना पुसता येते. ती बिघडली की खरोखरच मदरबोर्ड जातो. फोनवरच्या त्या माणसाचं भविष्य शेवटी असं खरं करून दिलं जातंय, आणि त्याबद्दल आपण वर ईएमआय भरतोय. आमचं ते जुनाट खोकं निदान उघडतं. उघडू मात्र दुसऱ्यानेच द्यायचं.

तर, काका मेंटेनन्सची पावती फाडून गेले. संध्याकाळी खाली बोर्डावर नोटीस लागली: 'बी विंगमधील सदनिका क्र. ७ येथील संगणकाच्या पत्र्यास विद्युतप्रवाह येत असल्याचे निदर्शनास आले आहे. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.' नोंद सगळ्यांनी घेतली. लिफ्टमध्ये लोक माझ्यापासून जरा लांब उभे राहतात. समोरच्या वहिनींनी वाटीभर साखर परत दिली ती दारातूनच.

रविवारी वायरमन आला. त्याने पार्किंगमधला अर्थिंगचा खड्डा शोधून काढला. त्यावर कोणीतरी तुळशीची कुंडी ठेवली होती. पत्र्याच्या शेडखाली असल्यामुळे पावसाचा थेंब तिथे जात नव्हता. आतलं मीठ-कोळसा वाळून खडखडीत, तार तुटलेली. म्हणजे अख्ख्या विंगला अर्थिंग नव्हतं, सगळ्यांच्या फ्रिजला आणि वॉशिंग मशिनलाही. मला वाटलं, आता तरी नोटीस दुरुस्त होईल. तार जोडून झाली, नवीन मीठ-कोळसा पडला, कमिटी उभ्याउभ्याच बसली आणि ठराव झाला की खड्डा ओला राहावा म्हणून दर रविवारी त्यात एक बादली पाणी 'संबंधित सदनिकाधारकाने' घालावं. संबंधित कोण, ते सांगायला नको. शेड खड्ड्यावर सावली करतं म्हणून तिथला पत्राही त्याच दिवशी काढून टाकला.

त्यामुळे या रविवारी धो धो पावसात मी एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली घेऊन पार्किंगमध्ये उभा होतो. खड्डा काठोकाठ भरलेला. वर गॅलरीत काका.

"काका, अहो पाऊस पडतोय की!"

"पडू दे. ठरावात बादली लिहिली आहे."