प्रिंटरचा हयातीचा दाखला

प्रिंटर टेबलावर आहे. दिवा लागलाय. ट्रेमध्ये कोरे कागद आहेत, माझा हात त्याच्या झाकणावर आहे. आणि लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर ऑफलाइन.

बंद करून चालू केला की शहाण्यासारखा छापतो. छापून झालं, थोडा वेळ कुणी विचारलं नाही, की पुन्हा बेपत्ता. वायर नको म्हणून वायफायवाला घेतला. आता प्रत्येक कागदासाठी मीच हॉलमधून आतल्या खोलीत पळते. म्हणजे वायर मी.

हा सगळा अपमान मी गिळला असता, पण नेमके वरच्या मजल्यावरचे काका आले. नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून रिटायर झालेले. महिना नोव्हेंबर, म्हणजे पेन्शनरांनी आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवायचा महिना. 2014 पासून हा दाखला ऑनलाइन देता येतो, आणि काकांनी तो दिलाही होता. पण फाइलला एक प्रत हवी. फाइलला प्रत नसेल तर काकांना स्वतःचाच भरवसा वाटत नाही.

"काका, तो ऑफलाइन आहे."

"म्हणजे बंद?"

"नाही, चालू आहे."

"मग?"

"लॅपटॉपला तो दिसत नाहीये."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. आधी प्रिंटर बघितला, मग लॅपटॉप, मग मी. "म्हणजे हा इथे बसलाय, दिवा लावून, आणि शेजारचा म्हणतो हा नाहीच?"

"हो."

"अगं, मागच्या वर्षी बँकेत माझं हेच झालं! मी काउंटरवर उभा. ती मुलगी म्हणते, काका, तुम्ही सिस्टिमला दिसत नाही. म्हटलं, बाई, सिस्टिममध्ये कशाला बघतेस, काचेतून बघ ना!"

आणि त्यांनी प्रिंटरच्या पाठीवर थोपटलं. एका पेन्शनरानं दुसऱ्याला थोपटावं तसं.

मी सांगितलं, वीज वाचवायला तो झोपतो. काकांना हे फारच लागलं. त्यांच्याकडच्या मशिनी पाळ्यांमध्ये चालायच्या, झोपायची काय बिशाद! कागदाचा हिशेब लागल्याशिवाय माणसालासुद्धा घरी जाता यायचं नाही म्हणे. 1928 पासून या गावात देशाच्या नोटा छापल्या जातात आणि गंगापूर रोडवर मला लाइटबिल छापून मिळत नाही, हे मी मनात म्हटलं. काका मोठ्यानं म्हणाले.

"बरं, झोपला. उठवायचा कुणी?"

"लॅपटॉपनं."

"त्याला तर हा दिसत नाही."

"हो."

"मग उठवणार कसा?"

हा प्रश्न कंपनीच्या हेल्पलाइनला एकदाही पडला नव्हता. तिकडचा मुलगा दर वाक्याआधी माझ्या अमूल्य वेळेबद्दल आभार मानायचा आणि त्या आभारांतच तो वेळ संपवायचा. उपाय एकच, बंद करून चालू करा. ते जमत असल्याचं मी सांगितल्यावर म्हणाला, मग आमचं ॲप टाका. ॲपला माझा ईमेल हवा, माझं लोकेशन हवं, शिवाय खातं उघडायला हवं. प्रिंटर माझा, कागद माझा, वायफायचं बिल मी भरते, आणि माझ्याच घरात छापायला मी लॉगिन करायचं? दुकानदारानं पैसे घेतले तेव्हा नक्की काय विकलं मला? मिक्सर उद्या चटणी वाटायच्या आधी जन्मतारीख विचारेल. हसू नका, विचारेल.

राउटर बसवणारा पोरगाही येऊन गेला. "ताई, तुम्हाला फाइव्ह जी दिलंय, टॉप आहे!" तो वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा होता, मोबाइलच्या फाइव्ह जीशी त्याचा काही संबंध नाही, आणि माझ्या प्रिंटरला कळतो फक्त 2.4 चा. राउटरनं दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं. पोरगा म्हणाला, प्रिंटर जुना झालाय, नवीन घ्या. हे वाक्य नाशिकमध्ये फुकट मिळतं.

शेवटी घर झोपल्यावर मीच राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले. प्रकार असा निघाला: राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला 192.168 नं सुरू होणारा एक पत्ता देतो, पण तो ठरावीक मुदतीपुरता. मुदत संपते तेव्हा आमचे हे झोपलेले. उठल्यावर नवीन पत्ता पदरात, आणि लॅपटॉप बिचारा जुन्याच दारावर टकटक करत बसलाय. त्यात भर म्हणजे विंडोज अधूनमधून 'आहेस का?' असंही विचारतं. गाढ झोपेतून उत्तर आलं नाही की विषय संपला, मयत घोषित. बँकेतलीच पद्धत.

मग राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे त्याच्या जन्मजात ओळख क्रमांकावर, एक पत्ता कायमचा राखून ठेवला. विंडोजमध्ये त्याच पत्त्याचा नवा टीसीपी आयपी पोर्ट केला, म्हणजे लॅपटॉपला टकटक करायचं नवं दार दिलं. त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड' म्हणून एक टिक असते, तेच ते 'आहेस का?' विचारणं, ती काढली. एक टिक! आणि ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांना ती सुचत नाही, त्यांना माझं लोकेशन सुचतं.

सकाळी, रात्रभर झोपलेल्या प्रिंटरला हॉलमधूनच हुकूम सोडला. आत घर्रर्र झालं. मी काकांना जिन्यातूनच हाक मारली. ते बनियनवरच खाली आले.

कागद अर्धा आत ओढला गेला आणि थांबला. पडद्यावर पाटी: सायन शाई संपली.

"सायन म्हणजे?"

"निळसर रंग, काका."

"माझ्या दाखल्यात निळं काय आहे?"

"काही नाही. सगळं काळंच आहे."

"आणि काळी शाई?"

"भरलेली आहे."

काका बराच वेळ त्या अर्ध्या कागदाकडे बघत राहिले. मी शरमून म्हटलं, काका, कॅनडा कॉर्नरला जाऊन मी काढून आणते, फाइल मोबाइलवर पाठवा.

"छे गं, मी परवाच काढून आणला कॉलेज रोडवरून. पाच रुपये. आत्ता आलो ते याचं काय झालं बघायला."