दादाचा परवाना, आईचा फ्लॅट

"22 वर्षं फ्लॅट विकतोय मी. आता मला पेपर सोडवायला बसवणार?" दिवाळीच्या फोनवर ठाण्याचा मामेभाऊ, आमचा दादा, भडकला आणि सगळं घर त्याच्या बाजूने उभं राहिलं. घरबांधणी प्रकल्प आणि एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, 2023 च्या जानेवारीत इस्टेट एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. ज्यांनी प्रमाणपत्र सादर केलं नाही अशा सुमारे 20 हजार जणांची नोंदणी वर्षभराने निलंबित झाली, त्यात दादाही. बिल्डर मोकाट आणि बडगा मात्र दलालावर, असा घरचा सूर. मी परीक्षेची बाजू घेतली तर मावशी म्हणाली, "तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस."

तिथे बसल्यामुळेच दिसलेली एक गोष्ट सांगतो. इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला घर घ्यायचं ठरलं तेव्हा मंडळातल्या ओळखीने एक मराठी ब्रोकर घरी आला. आई तेव्हा इथेच होती. त्याने तिला वाकून नमस्कार केला, तासभर पुण्याच्या गप्पा झाल्या, मला माणूस फार आवडला. रात्री बायकोने त्याच्या कार्डावरचा लायसन्स नंबर डीआरईच्या, म्हणजे एजंटांना लायसन्स देणाऱ्या इथल्या सरकारी खात्याच्या, साइटवर टाकला. लायसन्सवर निर्बंध होते आणि खाली आरोपपत्राची पीडीएफ होती. गिऱ्हाइकाचं डिपॉझिट तीन कामकाजी दिवसांत ट्रस्ट खात्यात, म्हणजे गिऱ्हाइकांच्या पैशांसाठीच्या वेगळ्या खात्यात, जायला हवं होतं, ते त्याच्या स्वतःच्या खात्यात पडून होतं. तारखा, रकमा, सगळं नोंदलेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला नम्रपणे नाही म्हटलं.

परीक्षेने माणूस प्रामाणिक होत नाही, हे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. इथे सेल्सपर्सनला 150 प्रश्न सोडवून 70 टक्के मिळवावे लागतात, बोटांचे ठसे द्यावे लागतात, दर चार वर्षांनी 45 तास पुन्हा अभ्यास. तरी लबाड निघतातच. पण लायसन्स असलं की ते काढून घेता येतं, आणि का काढलं ते कुणालाही वाचता येतं. कोर्टाने फसवणुकीचा निकाल देऊनही एजंटकडून पैसे वसूल झाले नाहीत, तर सरकारी निधीतून एका व्यवहारामागे 50 हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळते. कॅलिफोर्नियाने हा लायसन्सचा कायदा 1917 साली केला, कोर्टाने तो रद्द केला, तर 1919 मध्ये पुन्हा केला. आपला रेरा कायदा, ज्याखाली महारेरा चालतं, 2016 चा. त्यातही कलम 9 मधली एजंटची नोंदणी फक्त नोंदणीकृत प्रकल्पात प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, विकतो त्या घरांपुरती. जुन्या सोसायटीतला फ्लॅट विकून देणाऱ्याला ती लागतच नाही. बडगा जास्त झाला म्हणणाऱ्यांनी आधी हे कलम वाचावं. माझ्या मते तो कमीच पडतोय.

हे मी फोनवर बोललो, आणि दादाने एकच विचारलं, "आत्याच्या फ्लॅटच्या वेळी तुझा माझ्यावर विश्वास नव्हता का?"

आई गेल्यावर नौपाड्यातला तिचा फ्लॅट दादानेच विकून दिला. माझ्याकडून एक पैसा दलाली घेतली नाही. विसाराचे 2 लाख रुपये 11 दिवस त्याच्या कपाटात होते. पावती नाही, कागद नाही. फ्रीमाँटच्या ब्रोकरने हेच केलं असतं तर चौथ्या दिवशी मी तक्रार नोंदवली असती. दादाला मी विचारलंसुद्धा नाही. पैसे पुढे पैन् पै मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या 11 रात्री मला झोप नव्हती. विचारलं असतं तर त्या घरात मी परका झालो असतो, आणि फ्लॅट गेल्यावर ठाण्यात माझं म्हणायला हेच लोक उरणार होते. नियम असता तर मला विचारावंच लागलं नसतं. पावती आपोआप आली असती आणि दादाला त्यात अपमान वाटला नसता. एवढंच मला घरी सांगायचं होतं, आणि ते सांगता आलं नाही. दादाच्या प्रश्नाला मी "होता रे" म्हटलं आणि फोन मावशीकडे द्यायला सांगितला.

त्याचं व्हिजिटिंग कार्ड माझ्या टेबलाच्या खणात आहे. नंबर फक्त मोबाइलचा. मागे त्याच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलंय: आत्याचा फ्लॅट, 2 लाख आले, देवघर माझ्याकडे आणून ठेवलंय.