‘दहा-पंधरा फोनना व्हॉइस व्हीलॅन कशाला?’ या मेसेजला उत्तर

बडोद्यात नेटवर्किंगचं काम करणाऱ्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज सारखा पुढे ढकलला जातोय. त्याचा मथितार्थ असा: मकरपुरा जीआयडीसीतला कारखाना असो की अलकापुरीतलं छोटं ऑफिस, दहा-पंधरा आयपी फोनसाठी (नेटवर्कच्या केबलवर चालणाऱ्या फोनसाठी) व्हॉइस व्हीलॅनच्या, म्हणजे त्याच स्विचवर फोनसाठी वेगळं पाडलेल्या आभासी नेटवर्काच्या, भानगडीत पडू नका. गिगाबिट स्विच असला की सगळं एकाच नेटवर्कात चालतं. व्हीलॅन करायचीच असेल तर फोनचे पोर्ट ट्रंक (एकाच केबलवर अनेक व्हीलॅन नेणारे) करा. सिस्कोचे फोन नसतील तर ती चालणारच नाही. आणि एकदा लागली की आवाजाची क्वालिटी आणि सुरक्षा, दोन्ही आपोआप मिळतात.

मालकाचा खर्च वाचावा हा यामागचा हेतू चांगला आहे. पण मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आधीच घेतलेला असेल तर व्हॉइस व्हीलॅनला एक पैसाही जास्त लागत नाही, आणि हा सल्ला मानला की त्रास ग्राहकाच्या माथी येतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘गिगाबिट स्विच आहे, वेगळी व्हीलॅन नको’

बँडविड्थ कमी पडत नाही, हे बरोबर. जी-७११ कोडेकवर (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीवर) २० मिलिसेकंदांचं एक पॅकेट धरलं तर सेकंदाला ५० पॅकेट जातात. इथरनेटच्या हेडरसकट एका कॉलला एका दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात. वीस कॉल एकदम चालू असले तरी दोन एमबीपीएसच्या आतच काम भागतं. पण फोन बंद पडतात ते बँडविड्थपायी नाही.

नेहमीचा प्रसंग असा. वायफायची रेंज कमी पडते म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणतो आणि त्याच्या लॅन पोर्टात ऑफिसची केबल खोचतो. आता नेटवर्कात दोन डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारे, झाले. ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा पत्ता फोन घेतो. पीबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्स्चेंज) १९२.१६८.१०.५ वर आणि फोनला मिळाला १९२.१६८.१.३७, गेटवे तो घरचा राउटर. स्क्रीनवर पत्ता दिसतो, रजिस्ट्रेशन मात्र होत नाही. सगळे फोन एकदम जात नाहीत. ज्याच्या पत्त्याची मुदत (लीज) संपेल किंवा जो रीस्टार्ट होईल तो जातो, म्हणून दोन दिवस एकेक फोन पडत राहतो आणि संशय फोनवरच येतो. फोन वेगळ्या व्हीलॅनमध्ये असते तर त्या राउटरचं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलंच नसतं. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (अनोळखी डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं अडवणारी सोय) चालू केलंत तर कॉम्प्युटरही वाचतात, आणि ते करावंच.

दुसरी गोष्ट पत्त्यांची. छोट्या राउटरचा डीएचसीपी पूल बऱ्याचदा शंभरेक पत्त्यांचाच ठेवलेला असतो. पंचवीस माणसांचे कॉम्प्युटर, प्रत्येकाचा मोबाइल, कॅमेरे, प्रिंटर, हजेरीचं मशीन आणि वर पंचवीस फोन. पूल संपायला वेळ लागत नाही.

‘फोनचा पोर्ट ट्रंक करा’

या सल्ल्याला इतिहास आहे. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ३५०० एक्सएलसारख्या फार जुन्या स्विचवर फोनसाठी खरोखरच ट्रंक करावा लागे. तिथली कॉन्फिग पुढे कॉपी होत राहिली. आजच्या कॅटॅलिस्टवर पोर्ट ॲक्सेसच (एकाच डेटा व्हीलॅनचा) राहतो आणि व्हॉइस व्हीलॅन त्यावर जोडली जाते. डेटासाठी १० आणि फोनसाठी २० धरली तर पोर्टवर इतकंच:

स्विचपोर्ट मोड ॲक्सेस
स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन १०
स्विचपोर्ट व्हॉइस व्हीलॅन २०
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट
स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल

कॉम्प्युटरची फ्रेम (डेटाचं पाकीट) टॅगशिवाय, म्हणजे व्हीलॅनचा नंबर न लावता, येते, ती १० मध्ये पडते. फोन स्वतःच्या फ्रेमला २० चा टॅग लावतो. डी-लिंक, टीपी-लिंक, अरुबा यांच्या स्विचवर हेच वेगळ्या शब्दांत करायचं: १० अनटॅग्ड, २० टॅग्ड, आणि जिथे पीव्हीआयडी (टॅग नसलेली फ्रेम ज्या व्हीलॅनमध्ये पडते तिचा नंबर) वेगळा भरावा लागतो तिथे तो १०. पीव्हीआयडी १ वरच राहिला तर फोन चालतो आणि कॉम्प्युटर गायब होतो. ही चूक फार होते.

सरसकट ट्रंक केल्याने दोन गोष्टी बिघडतात. पहिली, काही बदललं नाही तर ट्रंकवर सगळ्या व्हीलॅन जातात. फोनची केबल काढून लॅपटॉपला लावली की कॅमेऱ्यांची आणि अकाउंट्सचीही व्हीलॅन त्या टेबलावर हजर. दुसरी, ट्रंकवर साधी पोर्टफास्टची (पोर्ट लगेच चालू करणारी) ओळ लागू होत नाही, त्यासाठी पुढे ‘ट्रंक’ लिहावं लागतं. ते राहिलं तर पोर्ट लिसनिंग-लर्निंगमध्ये (लूप तपासण्याच्या टप्प्यांत) ३० सेकंद अडकतो, आणि तेवढ्यात काही फोन डीएचसीपीचा नाद सोडून एरर दाखवत बसतात.

बीपीडीयूगार्डची ओळ गाळू नका: स्विचचा लूप शोधणारा संदेश (बीपीडीयू) पोर्टवर आला की ती पोर्ट बंद करते. फोनला मागे दोन सॉकेट असतात. टेबल हलवताना कुणी दोन्ही केबल भिंतीतल्या पॉइंटांत खोचल्या की लूप तयार होतो आणि सगळा मजला ठप्प होतो. काही फोन बीपीडीयू पुढे सोडत नाहीत, म्हणून सोबत स्टॉर्म कंट्रोलही (ट्रॅफिकचा पूर अडवणारी सोय) ठेवा. पोर्ट सिक्युरिटी (एका पोर्टवर किती पत्ते चालतील यावरची मर्यादा) लावली असेल तर मर्यादा ३ ठेवा: कॉम्प्युटरचा एक मॅक (हार्डवेअरचा) पत्ता, आणि फोनचा तोच पत्ता दोन्ही व्हीलॅनमध्ये दिसू शकतो म्हणून दोन. मर्यादा १ वर राहिली तर पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे बंद, होतो.

‘सिस्कोचा फोन नसेल तर चालत नाही’

हा दावा साफ चुकीचा आहे. स्विचने फोनला त्याची व्हीलॅन सांगायचा सीडीपी हा सिस्कोचा स्वतःचा प्रोटोकॉल, पण एलएलडीपी-मेड हे खुलं मानक २००६ पासून आहे. येलिंक, ग्रँडस्ट्रीम, पॉली यांचे फोन ते बोलतात. हा गैरसमज पसरण्याचं कारण एवढंच की बऱ्याच कॅटॅलिस्टवर सीडीपी आधीपासून चालू असतो आणि एलएलडीपी बंद. ग्लोबल कॉन्फिगमध्ये ‘एलएलडीपी रन’ ही एक ओळ टाकली की तेच फोन २० मध्ये जातात. ‘शो एलएलडीपी नेबर्स डिटेल’ मध्ये फोन दिसला पाहिजे आणि ‘शो इंटरफेसेस स्विचपोर्ट’ मध्ये व्हॉइस व्हीलॅन २० दिसली पाहिजे.

फोन तरीही २० मध्ये जात नसेल तर आधी टेबलाखाली वाकून बघा. फोन आणि स्विचच्या मध्ये पाच पोर्टचा अनमॅनेज्ड स्विच सापडतो. एलएलडीपीची फ्रेम शेजाऱ्यापुरतीच असते, ती नियमाने पुढे जायची नसते. तो डबा काढा आणि पॅच पॅनलपासून सरळ केबल आणा.

फोनवर २० दिसते पण पत्ता मिळत नाही, असं झालं तर दोष फोनच्या पोर्टात नसतो. मधल्या स्विचवर व्हीलॅन २० बनवलेली नसते किंवा अपलिंकवर (दोन स्विच जोडणाऱ्या पोर्टवर) ती सोडलेली नसते. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ ने लगेच कळतं. तिथे सगळं ठीक असेल तर व्हीलॅन २० च्या इंटरफेसवर आयपी हेल्पर ॲड्रेस (डीएचसीपीची मागणी दुसऱ्या नेटवर्कातल्या सर्व्हरकडे पाठवणारी ओळ) टाकायचा राहिलाय का बघा.

काही स्वस्त स्विच फोन ओळखतात ते मॅक पत्त्याच्या पहिल्या तीन बाइटवरून. त्यांच्या यादीत तुमच्या फोनचा ओयूआय (हेच तीन बाइट) नसेल तर तो हाताने भरा. प्रत्येक फोनवर व्हीलॅन हाताने टाकणं मात्र शक्यतो टाळा: तोच फोन उद्या दुसऱ्या शाखेत गेला की तिथे नसलेल्या व्हीलॅनमध्ये पत्ता शोधत बसतो.

‘व्हॉइस व्हीलॅन लावली की क्वालिटी आपोआप’

मेसेजमधला हा सगळ्यात नुकसान करणारा भाग. व्हीलॅन ट्रॅफिक वेगळा करते, त्याला रांगेत पुढे नेत नाही. फोन आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ आणि टॅगमध्ये सीओएस ५ या प्राधान्याच्या खुणा लिहितो. ते वाचून प्राधान्य द्यायचं की नाही हे स्विचच्या क्यूओएसवर (प्राधान्याच्या सेटिंगवर) ठरतं.

कॅटॅलिस्ट २९६०, ३५६०, ३७५० या मालिकांत ‘एमएलएस क्यूओएस’ मुळात बंद असतं. बंद असताना खुणा जशाच्या तशा पुढे जातात, पण प्राधान्य कुणालाच नाही. मग कुणीतरी ती ओळ टाकतो आणि तक्रारी वाढतात. कारण क्यूओएस चालू झालं की ज्या पोर्टवर ट्रस्ट (खुणांवर विश्वास) सांगितलेला नाही तिथे आलेली ४६ ची खूण स्विच शून्य करून टाकतो. म्हणून ‘एमएलएस क्यूओएस ट्रस्ट डीएससीपी’ फोनच्या पोर्टवर हवं आणि अपलिंकच्या दोन्ही टोकांनाही हवं. अपलिंक हमखास विसरला जातो.

‘ऑटो क्यूओएस व्हीओआयपी सिस्को-फोन’ ही ओळ समोर सिस्कोचा फोन ओळखला तरच विश्वास ठेवते. येलिंकच्या पोर्टवर ती लावलीत तर आवाज सामान्य रांगेतच राहतो. ३६५०, ३८५० आणि ९००० मालिकांत पोर्ट मुळातच खुणांवर विश्वास ठेवतो, तिथे ही कसरत नाही.

छोट्या ऑफिसात आवाज तुटतो तो मात्र बहुधा स्विचमध्ये नाही, इंटरनेटच्या अपलोडवर. कुणी मोठं ड्रॉइंग मेल केलं की राउटरपुढे रांग लागते आणि समोरच्याला आपलं बोलणं तुटक ऐकू जातं. लाइन २० एमबीपीएसची असेल तर राउटरवर अपलोड १८ ला शेप करा (तेवढ्यावरच रोखा) आणि डीएससीपी ४६ ला प्रायॉरिटी क्यूत टाका. शेपिंग केलं नाही तर रांग प्रोव्हायडरच्या डब्यात लागते आणि तिथे तुमच्या क्यूओएसची सत्ता चालत नाही.

कॉम्प्युटरवरचा सॉफ्टफोन (फोनचं सॉफ्टवेअर) १० मध्येच असतो, हेही विसरू नका. त्याला व्हॉइस व्हीलॅनचा काहीच उपयोग नाही. त्याची खूण विंडोजच्या पॉलिसीतून किंवा स्विचवर पोर्ट नंबर पाहून लावावी लागते.

‘आणि सुरक्षाही मिळते’

थोडीफार मिळते. पण त्या टेबलावरच्या लॅपटॉपला २० चा टॅग लावता येतो आणि स्विच तो स्वीकारतो. व्हीलॅन २० वर एसीएल (काय जाऊ द्यायचं याची नियमावली) हवी: फोनने पीबीएक्सशी ५०६० आणि ५०६१ या पोर्टवर बोलावं, आरटीपीचे (आवाजाच्या पॅकेटचे) पोर्ट मोकळे असावेत (ॲस्टेरिस्कवर बहुधा १०००० ते २००००), डीएचसीपी, डीएनएस, वेळ आणि फोनच्या सेटिंगची फाइल मिळावी, बाकी बंद. पीबीएक्स बाहेर असेल किंवा दोन शाखा असतील तर आरटीपीचा नियम त्याप्रमाणे रुंदावा. फोनच्या वेब पानाचा फॅक्टरी पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. फोनमधून कॉम्प्युटरच्या पोर्टकडे व्हॉइस व्हीलॅन जाऊ न देण्याची सेटिंग असते, ती लावा. नाहीतर टॅग काढून टाकणाऱ्या नेटवर्क कार्डांवर कॉम्प्युटर कधीतरी फोनच्या नेटवर्कातला पत्ता उचलतो.

काम सोपवताना डायल टोन ऐकून उठू नका. एका कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर मोठी फाइल कॉपी करत ठेवा आणि त्याच टेबलावरच्या फोनवरून बाहेर कॉल लावा. मग विजेचा मेन स्विच पाडून सगळं ऑफिस एकदम चालू करा, कारण पावसाळ्यात लाइट गेली की नेमकं हेच होणार आहे. पीओई (केबलमधूनच फोनला वीज देणारा) स्विच, राउटर आणि पीबीएक्स तिन्ही यूपीएसवर हवेत, नुसता पीबीएक्स असून भागत नाही. चालू झाल्यावर एखादा फोन १९२.१६८.१० च्या पत्त्यावर अडकलेला दिसला, तर एलएलडीपीचं उत्तर येण्याआधीच त्याने डीएचसीपी उरकलेलं असतं. अशा फोनसाठी व्हीलॅन १० च्या डीएचसीपी स्कोपमध्ये (पत्ते वाटण्याच्या सेटिंगमध्ये) ऑप्शन १३२ ला २० ही किंमत भरून ठेवा आणि फोनच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीवरून व्हीलॅन घेणं चालू करा. येलिंक आणि ग्रँडस्ट्रीम तो ऑप्शन वाचतात, पत्ता सोडतात आणि २० मध्ये जाऊन नवा मागतात.