रामा, हारी आणि शब्दकोशात लपलेल्या कविता

गेल्या आठवड्यात एका रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर भटकत होतो. समोर नाव आलं, 'रामा, हारी'. आमचं घर माळकऱ्यांचं, बोट आपोआप तिथे गेलं. म्हटलं, एखादं भजन असेल. निघालं भलतंच. फिलिपिन्सच्या मनिलाचा रॉक-ऑपेरा, त्यात बॅले, स्टेजवर राम, सीता, रावण आणि सगळं गाणं तिथल्या तागालोग भाषेत. तागालोगमध्ये 'हारी' म्हणजे राजा. म्हणजे 'राम, राजा'. मी आपला 'रामकृष्णहरी' समजून बसलो होतो.

त्यातलं एक गाणं, 'मागबालिक का ना, माहाल', तेव्हापासून डोक्यातून जात नाही. 'आता परत ये गं' असं काहीसं. पण 'माहाल' या शब्दाची गंमत बघा, त्याचा अर्थ प्रिय आणि महाग, दोन्ही. बाजारात भाव ऐकून बाई जो शब्द उच्चारते तोच शब्द प्रियकर वापरतो. अनुवाद करणाऱ्याने काय डोकं आपटायचं?

हे १९८० सालचं. संगीत रायन कायाब्याब यांचं, नृत्यरचना अ‍ॅलिस रेयेस यांची आणि शब्द बिएनवेनिदो लुम्बेरा यांचे. मला वाटलं, हा तिकडचा कोणी सिनेमाचा गीतकार असेल. शोधत गेलो तर हा प्राध्यापक! कवी, निबंधकार आणि तागालोग कवितेच्या इतिहासाचा मोठा अभ्यासक. मग आठवडाभर दुसरं काही केलं नाही. घरचे वैतागले.

जन्म १९३२चा, बातांगास प्रांतातल्या लिपा गावचा. पाच वर्षांचा होईतो आई-बाप दोघंही गेले, आजीने वाढवलं. पुढे मनिलात पत्रकारितेची पदवी आणि मग शिष्यवृत्तीवर अमेरिकेत, इंडियाना विद्यापीठात तौलनिक साहित्याचा अभ्यास. सुरुवातीच्या कविता इंग्रजीत. इथवरची गोष्ट आपल्याकडच्या अनेक हुशार पोरांसारखीच. आता पुढचं पान ठरलेलं असतं, तिकडेच नोकरी, तिकडेच घर, आणि मायबोलीबद्दल वर्षातून एकदा दिवाळी अंकात गहिवर.

या माणसाने प्रबंधाला विषय घेतला तागालोग कवितेचा, १५७० ते १८९८. म्हणजे स्पॅनिश लोक पाय रोवत होते तिथपासून ते त्यांची सत्ता संपली तिथपर्यंत. तोवर सुशिक्षित फिलिपिनो माणसाची साधारण समजूत अशी की आमच्याकडे कविता वगैरे जे आलं ते पाद्र्यांबरोबर आलं. मग त्याआधीच्या कविता शोधायच्या कुठे? पाद्र्यांच्याच कागदांत! १७५४ साली नोसेदा आणि सानलुकार या दोन जेझुइट पाद्र्यांच्या नावावर तागालोगचा एक जाडजूड शब्दकोश छापला गेला. हेतू सरळ होता, धर्मप्रसार करायचा तर भाषा यायला हवी. शब्दाचा वापर दाखवायला त्यांनी लोकांच्या तोंडचे उखाणे, म्हणी आणि 'तानागा' नावाच्या चिमुकल्या कविता उदाहरणं म्हणून टिपून ठेवल्या. सात-सात अक्षरांच्या चार ओळी, शेवटी एकच यमक. कोशकाराला त्या फक्त नमुने वाटल्या. दोनशे वर्षांनी लुम्बेरांनी आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी तोच कोश कवितासंग्रहासारखा वाचला.

मला ही गोष्ट फार आवडली. आपल्याकडेही फादर स्टीफन्सनी धर्मासाठीच 'ख्रिस्तपुराण' रचलं आणि मराठीच्या पदरात चांगली अकरा हजार ओव्यांची भर पडली. पण तिथे कवी स्वतः पाद्री होता. इकडे कवी निनावी आहेत, शेतातले, होडीतले. परक्याच्या वहीत उतरल्या म्हणून त्यांच्या ओळी वाचल्या.

त्या शब्दकोशाच्याही आधी तिकडे तोमास पिनपिन नावाचा एक मुद्रक होऊन गेला. १६१० साली त्याने तागालोग लोकांना स्पॅनिश शिकवणारं पुस्तक लिहिलं. सतराव्या शतकातलं रॅपिडेक्सच म्हणा. त्यात त्याने गाणीही घातली, तागालोगच्या गळ्यात स्पॅनिश घालून. आपल्या आजच्या मिंग्लिशवर नाकं मुरडणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) हे एकदा बघावं.

लुम्बेरांनी प्रबंध अर्थातच इंग्रजीत लिहिला. हा विरोधाभास मला खटकतो आणि खटकत राहील. पण परतल्यावर गडी नुसता शिकवत बसला नाही. आतेनेओ विद्यापीठात रोलांडो तिनिओ आणि काही तरुण कवींबरोबर 'बागाय' नावाची चळवळ केली. 'बागाय' म्हणजे वस्तू, आणि 'साजेसं' असाही एक अर्थ. अलंकारांनी लडबडलेली तागालोग कविता खाली उतरवून बोलण्याच्या भाषेत आणि डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंत आणायची.

मग सप्टेंबर १९७२. राष्ट्राध्यक्ष मार्कोसने मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा लावला. लुम्बेरा तेव्हा डाव्या लेखकांच्या एका संघटनेचे अध्यक्ष होते, ते भूमिगत झाले. जानेवारी १९७४ला पकडले गेले आणि डिसेंबरपर्यंत आत राहिले. सुटकेसाठी त्यांची जुनी विद्यार्थिनी सिंथिया नोग्रालेस यांनी जनरल फिदेल रामोस यांना पत्र लिहिलं. सुटल्यावर दोघांनी लग्न केलं. पुढे दोघांनी मिळून फिलिपिनो साहित्याचा इतिहास आणि वेचे यांचं पुस्तक केलं. हे रामोस १९९२ला राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १९९३ला लुम्बेरांना मॅगसेसे मिळालं. (त्याच वर्षी आपल्या पुण्याच्या डॉ. बानू कोयाजींनाही मिळालं होतं. आपल्याला त्या यादीतलं आपलं नाव तेवढं आठवतं, शेजारची कोणी वाचत नाही.)

आता जिथे मी अडखळतो ते सांगतो. 'रामा, हारी' झालं कुठे? मनिलाच्या सांस्कृतिक केंद्रात, म्हणजे मार्कोसच्या पत्नी इमेल्डाबाईंच्या लाडक्या वास्तूत. ज्यांनी तुरुंगात टाकलं त्यांच्याच रंगमंचावर सहा वर्षांनी हा माणूस रामायण घेऊन उभा! एक मित्र म्हणाला, ही तडजोड. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पण त्या थिएटरातली संस्कृती मुख्यतः पाश्चात्त्य आणि वरच्या वर्गाची. तिथे बॅलेचे पोइंट शूज घातलेल्या पायांखाली तागालोग शब्द सरकवले ते याने. आणि राजाने बायकोला अग्नीत उभं करायची गोष्ट हुकूमशहाच्या घरात गाऊन दाखवणं म्हणजे निव्वळ मनोरंजन, असं मला तरी म्हणवत नाही. तरी माझं मत पक्कं नाही, हे कबूल करतो.

एवढं मात्र दिसतं की सरकारी मान मिळाल्यावर हा माणूस गप्प बसला नाही. २००६ला 'राष्ट्रीय कलावंत' झाले. २००९ला राष्ट्राध्यक्ष अरोयो यांनी त्याच सन्मानाच्या निवड समितीच्या यादीत परस्पर चार नावं घुसवली आणि एका संगीतकाराचं नाव काढलं, तेव्हा हेच लुम्बेरा इतरांबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१३ला न्यायालयाने ती चार नावं रद्द ठरवली. त्याच वर्षी उच्चशिक्षण आयोगाने महाविद्यालयात फिलिपिनो भाषेची (म्हणजे तागालोगवरच उभ्या असलेल्या राष्ट्रभाषेची) सक्ती काढली, तर २०१५ला, वयाच्या ८३व्या वर्षी, पुन्हा कोर्टाची पायरी. यावेळी २०१८ला निकाल विरोधात गेला. २०२१च्या सप्टेंबरमध्ये ते गेले.

मी अठ्ठावीस वर्षं एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवली. आमच्या विभागातल्या जागा रिकाम्या होत गेल्या आणि आम्ही निवेदनं देत गेलो. फोटो काढून ग्रुपवर टाकत गेलो. अभिजात दर्जा मिळाला त्या दिवशी मीसुद्धा पेढे वाटले, खोटं कशाला बोलू. पण मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश माझ्या कपाटात वीस वर्षं आहे, आणि मी तो फक्त शब्द अडला की उघडला. त्यातल्या म्हणी, वाक्प्रचार, कुणा कुणब्याच्या तोंडचं एखादं वाक्य, हे सलग वाचावं असं कधी मनात आलं नाही. परवा 'क'पासून सुरुवात केली. 'का'पर्यंत पोचलोय.

लुम्बेरांचा तो प्रबंध १९८६ला आतेनेओच्या प्रकाशनाने पुस्तकरूपाने काढला. मला तुकड्यांतच वाचायला मिळाला. कुणाला आपल्या एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अख्खं पुस्तक दिसलं तर कळवा. झेरॉक्सचे पैसे आणि टपालखर्च माझ्याकडे.